डब्यात काय आहे, ते आम्हाला सांगा!

भंडारा जिल्ह्यातील कामगार बंधू-भगिनींनो, आणि त्यांच्या घरच्यांनो,

भंडारा म्हटले की लोक तलावांची नावे घेतात, धानाचे कौतुक करतात, पितळेची भांडी आठवतात. या जिल्ह्यात रोज किती प्रकारची विषारी द्रव्ये माणसांच्या हातांतून जातात, हे मात्र कुणी बोलत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटके तयार होतात. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीज निघते. वरठीला पोलाद वितळते. पितळेच्या भट्टीवर जस्ताचा पांढरा धूर उठतो आणि भांडी तेजाबात उजळतात. गोदामातल्या धानातांदळाला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. या सगळ्या ठिकाणी राबणाऱ्यांना विचारून पाहा, तुम्ही जे हाताळता त्याचे नाव काय? "पावडर", "दवाई", "तेजाब", "गॅस", "गोळी". यापलीकडे उत्तर क्वचितच मिळेल. तो दोष कामगाराचा नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

म्हणून हे पत्रक. आमचे म्हणणे थोडक्यात असे: एखाद्या द्रव्याचे नाव, त्याने शरीराला होणारा अपाय आणि अपघात झाल्यास करायचा पहिला उपाय कामगाराला त्याच्या भाषेत समजावून दिलेला नसेल, तर त्या द्रव्याजवळ त्याला उभे करण्याचा अधिकार कुणालाही नाही. मालकाला नाही, ठेकेदाराला नाही आणि सरकारी कारखान्यालाही नाही.

24 जानेवारी 2025 रोजी आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले, किमान आठ कामगार गेले. त्याआधी, 17 डिसेंबर 2023 ला, नागपूरजवळच्या बाजारगावात एका खासगी स्फोटक कारखान्यात नऊ जण गेले होते आणि त्यांत सहा स्त्रिया होत्या. अशा वेळी मंत्री येतात, कॅमेरे येतात, चौकशी जाहीर होते, मदतीचे आकडे छापून येतात. ते व्हायलाच हवे. पण स्फोटाचा आवाज होतो म्हणून तो दिसतो. त्याच रसायनांचा दुसरा, बिनआवाजाचा मारा वर्षानुवर्षे चालतो, त्याची चौकशी कोण करणार?

टीएनटी या स्फोटकाचेच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या दारूगोळा कारखान्यांत हजारो बायका तोफगोळ्यांत टीएनटी भरत होत्या. त्यांची कातडी पिवळी पडे, केस तांबूस होत. लोक त्यांना कॅनरी पक्ष्यांच्या नावाने हाका मारत. पिवळेपणा हा गमतीचा विषय राहिला, आणि दरम्यान काहींचे यकृत निकामी होत गेले. विषारी काविळीने सुमारे शंभर जण दगावले, आणि तिथल्या सरकारला युद्ध चालू असतानाच हा आजार कळवण्याची सक्ती करावी लागली. नायट्रोग्लिसरीन या दुसऱ्या स्फोटकाची तऱ्हा आणखी वेगळी. ते कातडीतून आत शिरते आणि रक्तवाहिन्या सैल करते. नव्याने कामाला लागलेल्याचे डोके फुटायची वेळ येते, मग शरीर सरावते, आणि सुटीत सराव तुटला की सोमवारी डोकेदुखी पुन्हा सुरू. काहींच्या बाबतीत सुटीच्या दिवसांत किंवा सोमवारी सकाळी थेट हृदयच बंद पडल्याच्या नोंदी वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. घरच्यांना वाटते, सुटीत आराम करत असताना माणूस गेला, म्हणजे कामाचा काय संबंध? संबंध तिथेच असतो.

संरक्षण खात्याचा कारखाना म्हणून सगळेच गुप्त, असे आम्हाला कुणी सांगू नये. तोफगोळ्यात कोणते मिश्रण किती भरायचे, हे गुपित असेल, ते खुशाल ठेवा. पण टीएनटीने कावीळ होते हे गुपित नाही. ते शंभर वर्षांपासून जगाला ठाऊक आहे. शत्रूला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याच कामगारापासून लपवण्यात कोणते देशहित?

आता मँगनीजकडे वळू, कारण आमच्या मते या जिल्ह्यात सर्वांत कमी बोलला गेलेला विषय हाच आहे.

डोंगरी बुजुर्गचे मँगनीज नावाजलेले. टॉर्चच्या आणि रेडिओच्या सेलमध्ये लागणारे काळे डायऑक्साइड तिथल्या खनिजात भरपूर. ओल्या दगडाला हात लावल्याने मँगनीजची बाधा होत नाही. बाधा करते ती बारीक भुकटी: कोरड्या ड्रिलची, क्रशरची, चाळणीची, पोती भरण्याची आणि वॅगन लादण्याची. ती श्वासातून आत जाते, रक्तात मिसळते आणि मेंदूच्या अशा भागात साठते जिथून आपल्या हालचालींचा तोल सांभाळला जातो. 1837 साली कूपर नावाच्या स्कॉटिश वैद्याने ग्लासगोच्या कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या पाच मजुरांचा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. म्हणजे ही माहिती भारतीय रेल्वेपेक्षाही जुनी आहे.

हा आजार येतो कसा, ते घरच्यांनी नीट वाचावे. सुरुवातीला माणूस चिडचिडा होतो. झोप उडते किंवा दिवसभर सुस्ती राहते. उगाच हसतो, उगाच रडतो. मग बोलणे जड होते, आवाज एकसुरी होतो, चेहऱ्यावरचे भाव हरपतात. सही बारीक होत जाते. चालताना तोल जातो, मागे पाऊल टाकायला सांगितले तर कोसळतो, कधी चवड्यांवर चालू लागतो. अशा माणसाला पाहून गाव काय म्हणेल? "लई पितो." बायको भांडेल, मुले दूर होतील, मुकादम हजेरी काटेल. आजाराला व्यसनाचे नाव पडले की डॉक्टरकडे नेण्याचा विचारच कुणी करत नाही. आणि नेले तरी डॉक्टरने "काय काम करता?" असे विचारले आणि उत्तर "मजुरी" एवढेच आले, तर त्याने तरी काय ओळखावे? इथेच माहितीचे मोल कळते. आजार लवकर लक्षात येऊन माणूस धुळीतून बाहेर निघाला तर पुढचे नुकसान थांबू शकते. चालण्याबोलण्यावर परिणाम झाल्यावर तो बहुधा परतून येत नाही.

मँगनीजची विषबाधा कायद्याच्या यादीत आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून व्यवसायजन्य आजारांची जी यादी चालत आली, तिच्यात मँगनीज आहे, शिसे आहे, आर्सेनिक आहे. त्या कामात सलग सहा महिने राहिलेल्या माणसाला असा आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे धरून चालावे, अशी त्या कायद्याची रीत. पण त्यासाठी आधी सिद्ध व्हावे लागते की तो माणूस त्याच द्रव्याजवळ काम करत होता. कागदावर तो नुसता "हेल्पर", ठेकेदार दरवर्षी बदललेला, आणि द्रव्याचे नाव त्याला कधी कळलेलेच नाही. दावा उभा कसा राहणार? माहिती न देणे म्हणजे आज फुप्फुसावर घाव आणि उद्या भरपाईवरही.

धीम्या विषाबद्दल एवढे बोललो. काही विषे रात्रीतून मारतात, आणि तीही आपल्या शेजारीच आहेत.

पितळ किंवा तांबे नायट्रिक तेजाबात टाकले की तपकिरी वाफ उठते. त्या क्षणी थोडा ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, मग बरे वाटते. माणूस घरी जातो, जेवतो. आणि कित्येक तासांनी, रात्री, त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. हा उशीर हाच त्या वायूचा कावा आहे. तपकिरी वाफ भरपूर गेली असेल तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जाऊन रात्रभर देखरेखीखाली राहायचे, हे एक वाक्य ज्याला माहीत आहे तो जगू शकतो. ज्याला माहीत नाही तो "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पितो आणि झोपतो. भट्टीवरच्या पांढऱ्या धुराचा ताप त्या मानाने सौम्य. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, एक-दोन दिवसांत उतरतो. त्याला मलेरिया समजून गोळ्या खाणारे असतील. पण मोडीत आलेल्या भांड्यांत आणि नळांच्या तोट्यांत शिसे असते. ते भट्टीतून कपड्यांवर आणि कपड्यांवरून घरातल्या रांगत्या लेकरापर्यंत जाते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, ही गोष्ट त्या घरातल्या बाईला कुणी सांगितली?

गोदामातल्या गोळ्यांचे काय? त्यांना सेल्फॉस म्हणा, नुसती धानाची गोळी म्हणा, ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन सुटतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास येत नाही म्हणून गोदाम सुरक्षित, असे मुळीच नाही. या विषावर उतारा नाही. म्हणून तर ही गोळी सरकारी यंत्रणा, सरकारी उपक्रम आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावी असा दंडक आहे. मग गोळ्या ठेवून पोत्यांवर झाकलेली ताडपत्री उघडल्याबरोबर पोती उचलायला हमालांना आत धाडायचे, की आधी गोदाम वाहते करून हवा मोजायची? ज्याच्या पाठीवर पोते आहे त्याला त्या ताडपत्रीखाली काय होते आणि कधी उघडले, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. वरठीसारख्या पोलादाच्या ठिकाणी भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला तर रंगही नाही आणि वासही नाही. तिथे नाकावर भरवसा ठेवणारा माणूस फसतो. तिथे मीटरच हवा आणि मीटर वाजल्यावर कोणत्या दिशेला पळायचे ते आधी शिकलेले हवे.

या माहितीच्या जागी आमच्या कामगारांना काय मिळते? गूळ. धुळीचे काम आहे, गूळ खा, घसा साफ होतो. रसायनाचे काम आहे, दूध प्या, विष उतरते. गूळ आणि दूध पोटात जातात, धूळ आणि वायू फुप्फुसात. गुळाने घशाला बरे वाटेल, पण फुप्फुसात रुतलेली दगडी धुळीतली सिलिका किंवा मँगनीजची भुकटी एक कणही बाहेर येत नाही. तोंडाला बांधलेला शेला जाड धूळ थोडी अडवतो, बारीक धूळ नाही आणि वायू तर अजिबात नाही. कामगाराला दूध जरूर द्या, गरिबाच्या पोटाला ते हवेच आहे. पण ते संरक्षण म्हणून द्याल तर तो खोटा दिलासा आहे, आणि खोटा दिलासा मिळालेला माणूस धोक्याच्या आणखी जवळ जातो.

हे सगळे सांगण्याचे बंधन मालकावर आहे की नाही? आहे, आणि ते आजचे नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. त्या रात्री इस्पितळात हजारो माणसे तडफडत होती आणि डॉक्टरांना वायूचा उपचार काय, हे धड सांगणारा कुणी नव्हता. तोंडावर ओले फडके धरा, एवढा साधा सल्लाही वस्तीला आधी दिला गेला नव्हता. त्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी फॉस्जीनने एक कामगार गेला होता आणि युनियनने शहरात धोक्याची पोस्टरे लावली होती. ती कुणी मनावर घेतली नाहीत. एवढी माणसे मेल्यावर संसदेने 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर नवे प्रकरणच घातले. कलम 41-ब नुसार धोके आणि त्यांवरचे उपाय मालकाने कामगारांना, मुख्य कारखाना निरीक्षकाला, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांनाही सांगायचे. कलम 41-ह नुसार जीवाला धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा कामगाराला हक्क. ही कलमे मोडणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांनी पुढे जाऊन सांगितले की ही माहिती पुस्तिका, पत्रके आणि फलकांद्वारे, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत द्यावी, आणि वर ती समजावूनही सांगावी.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. जुना कायदा गेला, आता काही चालत नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. संहितेच्या कलम 14 मध्ये आपल्या सुरक्षेची आणि आरोग्याची माहिती मालकाकडून मिळवण्याचा कामगाराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. संहितेची एक बाजू मात्र आम्हाला मान्य नाही आणि ती इथे उघड सांगतो. विजेवर चालणारी जागा कारखाना ठरण्यासाठी पूर्वी केंद्रीय कायद्यात 10 कामगार पुरत, आता 20 लागतात. विजेशिवाय चालणाऱ्या जागेला 20 ऐवजी 40. पितळेच्या भट्टीवर सात-आठ माणसे असतात, लहान मिलमध्ये दहा-बारा. शिसे माणसे मोजून पाहत नाही. धोक्याच्या कामांसाठी कमी माणसांच्या जागेलाही संहिता लावण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. ती मुभा पितळेच्या भट्ट्या, तेजाबाची कामे आणि गोळ्या टाकणारी गोदामे यांच्यासाठी वापरा, ही आमची शासनाकडे मागणी आहे. लहान भट्टीचा मालक स्वतःही त्याच धुरात उभा असतो, त्याच्याशी आमचे वैर नाही. त्यालाही ही माहिती कुणी दिलेली नाही, आणि त्याच्या पोरांनाही तीच भट्टी चालवायची आहे.

समोरून जी उत्तरे येतात, तीही पाहू. पहिले उत्तर: अडाणी माणसाला रसायनशास्त्र काय कळणार? ज्या माणसाला धानाच्या पानावरचा ठिपका पाहून करपा कोणता आणि तुडतुडा कोणता ते कळते, त्याला ही वाफ रात्री फुप्फुसात पाणी भरते, हे कळत नाही? न कळण्याचे कारण इंग्रजीत छापलेला बारीक अक्षरांचा कागद आहे. यवतमाळने 2017 मध्ये त्याची किंमत मोजली. कपाशीवर फवारणी करताना त्या हंगामात विसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. बाटलीवर लाल-पिवळा त्रिकोण होता, पत्रकही होते. ते त्यांच्याशी बोलत नव्हते. दुसरे उत्तर: सांगितले तर कामगार घाबरतील. घाबरू द्या. घाबरलेला माणूस दोर बांधून टाकीत उतरतो, न घाबरलेला तसाच उतरतो. तिसरे उत्तर: तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. कायद्यात कंत्राटदारामार्फत आलेलाही कामगारच आहे, आणि सर्वांत घाण काम त्याच्याच वाट्याला येत असल्याने त्याला सांगणे सर्वांत आधी. छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारमधून आलेल्या भावांना हिंदीतून सांगा, पण सांगा. चौथे उत्तर वहीतली सही: "प्रशिक्षण दिले, ही बघा सही." बंधूंनो, जे समजले नाही त्याखाली सही करू नका. पन्नास सह्यांची वही निरीक्षकापुढे ठेवली की तुमचा आवाज तिथेच संपतो.

प्रत्येक रसायनासोबत उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्र येते. 1989 च्या धोकादायक रसायनांच्या नियमांपासून ते बंधनकारक आहे. त्यात द्रव्याचे नाव, अपाय, प्रथमोपचार, आग विझवण्याची रीत, कोणता मास्क आणि कोणते हातमोजे, हे सगळे असते. ते बहुधा कार्यालयाच्या फाइलीत असते. ते कामाच्या जागी, मराठीत, मोठ्या अक्षरात लागले पाहिजे. लहान डब्यात ओतलेल्या द्रव्यावरही नाव हवे. पाण्याच्या बाटलीत तेजाब भरणे ताबडतोब बंद झाले पाहिजे. लाल चौकटीतली कवटी, ज्वाला, हात खाणारा थेंब, छातीवर तारा फुटलेला माणूस ही चिन्हे निरक्षर माणसालाही तासाभरात शिकवता येतात. आणि आरोग्य तपासणीचा निकाल कामगाराच्या हातात द्या. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे जपण्यास सांगितले. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था इथून साठेक किलोमीटरवर नागपुरात आहे. तिने तुमसरच्या खाणपट्ट्यात, कंत्राटी मजुरांसह, तपासण्या कराव्यात आणि निकाल गावात मराठीत वाचून दाखवावेत.

तुम्ही काय करायचे? खालचा अर्ज हाताने उतरवून घ्या.

"प्रति, व्यवस्थापक. मी आपल्या ____ विभागात, ____ कंत्राटदारामार्फत / थेट, काम करतो / करते. माझ्या कामाच्या जागी वापरली जाणारी, साठवलेली किंवा तयार होणारी सर्व रसायने, धूळ, वायू व धूर यांची नावे, त्यांपासून आरोग्यास होणारे अपाय, लक्षणे, प्रथमोपचार आणि आवश्यक संरक्षक साधने यांची माहिती मला मराठीत लेखी द्यावी व समजावून सांगावी. सुरक्षा माहितीपत्रे पाहण्यास मिळावीत. माझ्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालांची प्रत मिळावी. प्रत: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, नागपूर."

खाणीत काम करणाऱ्यांनी प्रत खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नागपूर कार्यालयाला पाठवावी. कारखाना किंवा खाण सरकारी असेल तर हीच माहिती माहिती अधिकाराच्या अर्जानेही मागता येते, आणि जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत देण्याचे बंधन 2005 च्या त्या कायद्यात आहे, तेव्हा अर्जाच्या माथ्यावर "जीविताशी संबंधित" असे ठळक लिहा. अर्ज एकट्याने देऊ नका, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून द्या. एकाला कामावरून काढता येते, सगळ्या पाळीला काढता येत नाही. दोन प्रती करा, एकीवर पोच आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती घरी जपून ठेवा, कारखान्यातल्या पेटीत नको.